खात्री नसलेली गाठ

थायरॉइड शिकवताना मी मुलांकडून नेहमी एक गंमत करून घ्यायची. हनुवटी वर करा, दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि आवंढा गिळा. सगळा हॉल एकदम आवंढा गिळायचा आणि मग आपसात हसायचा. "बोटाखाली जे वरखाली झालं ना, त्याला बिलगूनच ती ग्रंथी बसलेली असते," असं सांगून मी स्वतःही मान उंच करून दाखवायची. वर्षानुवर्षं माझा हा धडा असाच सुरू होत आला होता.

त्या दिवशी पहिल्या बाकावरची बिलोलीची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या गळ्यात कायतरी हाललं."

हॉल हसला. मीही हसले. "हलायलाच पाहिजे. नाहीतर मला पोचवायची तयारी करा."

"तसं न्हाई मॅडम. उजवीकडं. सुपारी असल्यावानी."

ती हसत नव्हती. मी फळ्याकडे वळले, आकृती पूर्ण केली, तास संपवला. मग स्टाफरूमच्या आरशासमोर मान वर करून आवंढा गिळला. सुपारी होती. गिळताना वर जात होती आणि शहाण्यासारखी परत जागेवर येऊन बसत होती. दुखत नव्हती. कधीपासून होती, देव जाणे. इतकी वर्षं मी पोरांना गळा तपासायला शिकवला आणि माझा स्वतःचा गळा तपासला तो त्या पोरीनं.

माझा आवाज

पुढचं कळायला माझ्या आवाजाबद्दल थोडं सांगावं लागेल. मी मूळची उमरीची. लहानपणी मी अंगणातून हाक मारली की वडील शेताच्या बांधावरून ओ द्यायचे. चुलते म्हणायचे, "ह्या पोरीच्या लग्नात भोंगा लावायची गरज न्हाई." लग्न होऊन लातूरला आले आणि तोच आवाज कामी आला. इथं गल्लोगल्ली क्लासेसचे फलक, घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलं, आणि सकाळी सायकलींची रांग. भूकंपानंतर ज्या गावाचं नाव लोक हळहळून घ्यायचे, ते नाव पुढे लोक आशेनं घ्यायला लागले. आपलं लेकरू डॉक्टर व्हायचं तर लातूरला पाठवा.

मी जीवशास्त्र शिकवायची. मोठ्या हॉलमध्ये, माइकशिवाय. आवाज चढवायची, एकदम खाली आणायची, मध्येच थांबायची. शेवटच्या बाकावर पेंगणारा पोरगा दचकून उठला की मला बरं वाटायचं. यात गर्व होता, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापणाऱ्या त्या परीक्षेसाठी प्रत्येक बॅचला मी एक गोष्ट घोकून घ्यायची. "खात्री नसेल तर गोळा रंगवू नका. सोडलेल्या प्रश्नाचं काही जात नाही. घाबरून रंगवलेला गोळा कमावलेलंही घेऊन जातो." हे मी इतक्या वेळा म्हटलंय की मुलं माझी नक्कल करताना हेच वाक्य घ्यायची.

'बहुतेक'

सोनोग्राफी झाली. मग सुई घालून गाठीतल्या पेशी काढल्या. सुईला मी घाबरले होते, पण ते मुंगी चावल्यापेक्षा थोडंसं जास्त, एवढंच. ज्यांची ही तपासणी व्हायची आहे त्यांनी तिची धास्ती घेऊ नये. धास्ती घ्यायचीच तर रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांची घ्यावी. त्या दिवसांत मी घरात दोनदा दूध उतू घालवलं आणि एका पोराला पेशीविभाजनाचा प्रश्न चुकीचा सोडवून दिला.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमचे मिस्टर जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात आहेत. शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, पूल हे त्यांचं काम. माणूस कमी बोलणारा. बाईंनी रिपोर्ट वाचला आणि शांतपणे सांगितलं, "या पेशी धड साध्या म्हणता येत नाहीत आणि धड वाईटही म्हणता येत नाहीत. मधल्या वर्गात पडतात."

"म्हणजे कॅन्सर आहे का नाही?" मिस्टरांनी विचारलं.

"आज सांगता येणार नाही. अशा गाठी बहुतेक वेळा साध्याच निघतात. पण शंका आहे, म्हणून सोडूनही द्यायची नाही."

आता लातूरमध्ये 'बहुतेक' या शब्दावर कुणाचं समाधान होतं? इथं पोरगं म्हणालं की 'बहुतेक नंबर लागेल', तर आई त्या दिवसापासून उपास धरते. पर्याय चार असतात आणि त्यातला एक बरोबर असतो, या हिशोबानं जगणारं हे गाव. 'सांगता येत नाही' असा पाचवा पर्याय आम्ही कुणी कधी पाहिलेला नव्हता.

बाई पुढेही बोलल्या. काही महिन्यांनी पुन्हा सुई घालून बघता येईल. पेशींची आणखी एक तपासणी बाहेरगावी पाठवता येईल. किंवा शंका असलेली फक्त एक बाजू काढून तपासता येईल. मी मान डोलावत होते, पण ऐकत नव्हते. 'कॅन्सर' हा शब्द एकदा खोलीत आला की बाकीचे शब्द बाहेर जाऊन बसतात.  घरी येताना मिस्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाले, "आईला नको सांगायला."

पण आईला सांगावं लागलंच नाही. त्यांनी आमची तोंडं बघूनच ओळखलं.

आत्या

सासूबाईंना मी आत्या म्हणते. माझं सासर औशाच्या बाजूचं, मोठ्या पडझडीतलं एक गाव. भूकंपात त्या घरातून माणसं बाहेर आली, माझी नणंद मंगल आली नाही. माझं लग्न त्यानंतरचं, म्हणून मी मंगलला फक्त एका फोटोत बघितलं आहे. दोन वेण्या, आणि फोटोवाल्यावर चिडलेला चेहरा.

आत्या भूकंपाबद्दल बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. ओट्यावर बसून, डोळ्यात पाणी न आणता.

"मोठा धक्का यायच्या आदी वरीसभर जमीन गुरगुरायली हुती. भिताडाला तडा गेलता. हातभर. आमी आंगणात झोपायलाव. मग लोकं म्हणायले, काय हुत न्हाई, इतके दिवस झालं का कायी? मलाबी वाटलं, खरंच की. गणपती बोळवून आलाव. मंगल म्हणली, आये, मी भायेरच झोपते. मी म्हणलं, दंव पडायलंय, पडसं हुईल, आत झोप."

मग त्यांनी पदर सावरला आणि माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"तवापसून एकच ध्यानात ठिवलंय, संजू. तडा दिसला की भिताड पाडावं. वाट बगू न्हाई."

 पेशींचे वर्ग सांगणार होते का? ज्या बाईनं 'काही होत नाही' या तीन शब्दांवर विश्वास ठेवून लेक गमावली, तिला मी 'बहुतेक साधीच निघते' हे कोणत्या तोंडानं सांगणार होते?

दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी त्यांची बाज माझ्या खोलीत आणली. सकाळी उठल्याबरोबर त्या माझ्या गळ्याला हात लावायच्या. "वाढली का गं?" पोळी लाटताना विचारायच्या. केस विंचरताना विचारायच्या. एकदा क्लासमध्ये फोन करून विचारलं. मायेनंच विचारायच्या, पण त्या मायेनं माझा जीव गुदमरायला लागला. मीही मग दिवसातून कितीतरी वेळा गळ्याला हात लावायला लागले. कधी वाटायचं वाढली, कधी वाटायचं तेवढीच आहे. फळ्याकडे पाठ असताना हात आपोआप वर जायचा.

नांदेडचे डॉक्टर

माझा दादा नांदेडला असतो. त्यानं तिथल्या एका जुन्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. मी एकटीच गेले; मिस्टरांच्या मागे त्या आठवड्यात एका शाळेच्या इमारतीची तपासणी लागली होती.

हे डॉक्टर वयानं बरेच मोठे, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे. त्यांनी माझा गळा मागे उभं राहून तपासला, सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "करता काय तुम्ही?"

"शिकवते. लातूरला. क्लासमध्ये."

"माइक वापरता?"

"नाही."

ते हसले. "आवाज ऐकूनच वाटलं. हे बघा मॅडम, घाई करण्यासारखी गाठ असती तर मी आजच तुम्हाला भरती करून घेतलं असतं. ही तशी दिसत नाही. पावसाळा जाऊ द्या, मग परत सुई घालू. तोपर्यंत वाढली, तर काढू. आणि काढायचीच झाली, तर आधी एकच बाजू. तुमचं पोट बोलण्यावर आहे. गळ्यात सुरी घालायची तर त्याला कारण पक्कं पाहिजे."

"पण तोवर पसरली तर?"

"या गाठी बहुतांशी आळशी असतात. आपल्याला थांबायला वेळ देतात. माणसंच देत नाहीत."

त्या दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की दादाकडे न जाता मी आधी रस्त्याकडेला उभी राहून उसाचा रस प्याले. त्या संध्याकाळी दादाच्या पोरांना मी मोठ्यानं गोष्ट सांगितली. शेजारच्या घरातलीही पोरं ऐकायला आली. तो आवाज माझ्या गळ्यात शेवटचा भरभरून वाजला तो तिथं, हे तेव्हा कुठं माहीत होतं.

मला अजूनही वाटतं, तिथंच राहिले असते काही दिवस तर बरं झालं असतं.

सुट्टीत उरकून घेऊ

लातूरला परतले आणि तो हलकेपणा उंबऱ्यातच गळून पडला. मिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावसाळाभर मी झोपू कसा, ते त्यांना विचारलंस का?"

या माणसानं लग्नानंतर इतक्या वर्षांत मला भीती वाटते असं कधी म्हटलं नव्हतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात धरून म्हणाले, "मंगलच्या वेळी मी लातूरच्या होस्टेलवर होतो. मला नंतर कळलं. आता सगळं माहीत असून पुन्हा गप बसू?"

आणि मग आमच्या क्लासचं वेळापत्रक मध्ये आलं. एक बॅच संपली होती, नवीन बॅच सुरू व्हायला अवकाश होता. वर्षात आम्हाला मोकळा श्वास मिळतो तो तेवढाच. लग्नं, मुंज, घराची रंगरंगोटी, डोळ्याचं ऑपरेशन, लातूरचा मास्तर सगळं त्याच फटीत बसवतो. मीही हिशोब केला: आत्ता काढली तर नवीन बॅचला उभी राहीन. पावसाळ्यानंतर काढावी लागली तर ऐन अभ्यासात पोरं वाऱ्यावर. गाठ काय म्हणते हे मी पाहिलं नाही, बॅच काय म्हणते ते पाहिलं.

त्या जुन्या डॉक्टरांकडे परत जायची मला लाज वाटली. दादानं नांदेडलाच दुसऱ्या एका सर्जनची वेळ घेतली. माणूस सरळ होता. मी त्यांना दोष देत नाही. तेही म्हणाले की एक बाजू काढून बघू. पण डावीकडेही दोन बारीक दाणे दिसत होते, आणि आम्ही ते दाणे धरून बसलो.

"दोन्ही बाजू काढल्या तर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागेल," त्यांनी सांगितलं. "आणि आवाजाच्या नसा ग्रंथीला लागूनच जातात. आम्ही जपतो. तरी क्वचित कुणाच्या आवाजावर परिणाम होतो."

"काढा साहेब," मिस्टर म्हणाले. "काहीच ठेवू नका. परत परत हा घोर नको."

सर्जननी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. एकदाच काय ते."

'क्वचित' हा शब्द मी ऐकला होता. गंमत बघा, गाठीच्या बाबतीत जो धोका कमी होता त्यानं माझी झोप उडवली, आणि नसांच्या बाबतीत जो धोका कमी होता तो मी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

'ई' म्हणा

दवाखान्याचं मी फार सांगत नाही. भिंती हिरवट होत्या, पंखा खडखडायचा. ऑपरेशनच्या सकाळी भावजयीनं माझी वेणी घातली आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. टेबलावर झोपल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सहज गप्पा काढल्या. त्यांचा पुतण्या माझ्या क्लासला होता म्हणे. "तुमच्या आवाजाची फार नक्कल करतो," ते म्हणाले. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा घशात भाकरीचा कोरडा तुकडा अडकल्यासारखं वाटत होतं. सर्जन आले. "ई म्हणा बघू."

मी म्हटलं. सायकलीच्या ट्यूबमधून हवा जाते तसं काहीतरी बाहेर आलं.

"सूज आहे. येईल हळूहळू," ते म्हणाले. पण त्यांनी दोनदा 'ई' म्हणायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ते हसले नाहीत.

बोटांना, ओठांना मुंग्या यायच्या. कॅल्शियम उतरलं होतं. सिस्टर सारखी येऊन गालावर टिचकी मारून गाल उडतो का बघायची आणि सलाईनमधून औषध सोडायची. ज्यांची दोन्ही बाजूंची ग्रंथी काढली आहे त्यांनी या मुंग्या अंगावर काढू नयेत, लगेच सांगावं. औषधानं उतारा पडतो. भावजय मुगाची पातळ खिचडी आणायची आणि एकेक घास भरवताना उमरीच्या सगळ्या लग्नांच्या, भांडणांच्या बातम्या सांगायची. उत्तर द्यावं लागणार नाही असंच ती बोलायची. हे तिनं मुद्दाम केलं हे मला फार नंतर कळलं. त्या दिवसांतलं तेवढंच एक सुख आठवतं.

पेढे

गाठीचा पक्का रिपोर्ट दादानं आणला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. गाठ साधी होती. डावीकडचे दाणेही साधे. कॅन्सर नव्हता.

मिस्टर दवाखान्याच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून रडले. दादानं आख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. आत्यांना फोन लावला तर पलीकडून नुसता हुंदका. मीही रडले, आणि आनंदानंच रडले. खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मला माझं उरलेलं आयुष्य कुणीतरी ओंजळीत परत आणून दिल्यासारखं वाटलं.

पेढा तोंडात विरघळत असताना मी दादाला काहीतरी म्हणायला गेले. त्यानं कान माझ्या तोंडाजवळ आणला. "काय म्हणालीस?"

मी म्हणाले होते, "मग काढलं काय आपण?" पण दुसऱ्यांदा मी ते म्हटलं नाही. पेढे वाटणाऱ्या माणसाला असं विचारू नये.

हॉल

आवाज आला. अगदीच गेला असं नाही. घरात बोलण्याइतका, दुकानात भाव विचारण्याइतका. पण तो चढत नाही. ज्या नसेनं तो वर जायचा तिला बहुधा इजा झाली आहे, असं पुढे तपासणीत कळलं. व्यायाम सांगितले, केले. आरशासमोर बसून महिनोन्महिने सूर लावले. थोडा फरक पडला, आणि मग पडायचा थांबला.

नवीन बॅचला मी उभी राहिले. या वेळी माइक घेऊन. लोकांना वाटतं माइकनं काम भागतं. माइक आवाज मोठा करतो, पण चढ-उतार कुठून आणणार? सगळा धडा एका पट्टीत. पाव तास झाला की घसा बसायचा आणि शब्दांची टोकं तुटायची. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. मी पूर्वीसारखं एकदम ओरडून गप्प करायला गेले तर नुसती फुसकन हवा आली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळी पोरं माना खाली घालून वहीत बघायला लागली.

क्लासच्या सरांनी मला दुखावलं नाही. "मॅडम, तुमच्यासारखे प्रश्न कुणाला काढता येत नाहीत," म्हणाले, आणि मला प्रश्नपत्रिका काढायच्या कामावर बसवलं. माझ्या हॉलमध्ये आता एक तरुण सर शिकवतात. चांगले शिकवतात. मी त्या जिन्यानं जात नाही, मागच्या दारानं जाते.

एकदा मिस्टर जेवता जेवता थांबले. "आमच्या खात्यात भेग पडली की आम्ही काय करतो माहीत आहे का? भेगेवर काचेची बारीक पट्टी चिकटवतो. पट्टी तडकली तर भेग वाढतीय. नाही तडकली तर जुनीच आहे, भरून घ्यायची. सहा महिने नुसतं बघायचं." ताटातला भात ते चिवडत राहिले. "तुझ्या गळ्याला काच लावून बघायला पाहिजे होती, संजू."

मी त्यांचा हात धरला. मी पोरांना गोळा मोकळा सोडायला शिकवते, हे पट्टी लावून वाट बघतात. दोघांच्या धंद्यात थांबणं हीच अक्कल आणि आमच्याच घरात कुणाला थांबता आलं नाही.

आत्यांचं बोलणं त्याहून वेगळं होतं. माझा गळा तेलानं चोळताना, त्या व्रणावरून बोट फिरवत म्हणाल्या, "मला काय माहिती पोरी. माज्या ध्यानात मंगल हुती. तुजा गळा न्हवताच."

त्यांना मी कधीच माफ केलं होतं. खरं तर माफ करण्यासारखं काही नव्हतंच. राग मला त्या तीन शब्दांचा येतो, 'काही होत नाही' या शब्दांचा, जे एकदा खोटे ठरले म्हणून आमच्या घरात कायमचे खोटे ठरले.

तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल तर

मी डॉक्टर नाही. काढू नका असं मी कुणालाच सांगणार नाही. माझ्यासारख्याच रिपोर्टातून पुढे कॅन्सर निघालेल्या आणि वेळेवर काढून सुखरूप असलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्यासमोर माझं रडगाणं शोभत नाही.

एवढंच सांगते. 'सांगता येत नाही' हेही एक उत्तर असतं, ते ऐकून घ्या. 'थांबलो तर काय होईल' हे जसं विचारता, तसं 'काढलं तर काय जाईल' हेही विचारा. दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत, एकाच आवाजात. अर्ध्यावर भागत असेल तर पूर्ण मागू नका. तुम्ही काय काम करता ते डॉक्टरांना दोनदा सांगा. घरच्यांच्या भीतीचा मान ठेवा, पण तिला दवाखान्यात तुमच्या आधी बोलू देऊ नका. आणि तारीख ठरवताना गाठीकडे बघा, सुट्टीकडे नको.

सकाळची गोळी

ग्रंथी गेल्यापासून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते. मग चहासाठी थोडं थांबावं लागतं. तेवढा वेळ मी मागच्या पायरीवर बसते. वाट बघायला शिकले ती अशी.

परवा तिथं बसले होते, तर वरून एक बाई तावातावानं बोलताना ऐकू आली. आधी वाटलं, शेजारी भांडण लागलं. मग ती बाई म्हणाली, "हनुवटी वर! दोन बोटं ठेवा. गिळा आवंढा!" आणि पाठोपाठ सगळा हॉल हसला.

मला ओळखायला एवढा वेळ लागला.

वरच्या खोलीत जळकोटची एक मुलगी नुकतीच राहायला आली आहे. खोली मिस्टरांनी दिली. मला ती फक्त घरमालकीण म्हणून ओळखते. फोन हातात, बादली दुसऱ्या हातात, अशी ती जिना उतरली. फोनमधली मी बोलतच होते. खणखणीत, चढत, मध्येच थांबत. "खात्री नसेल तर गोळा रंगवू नका..."

"काकू, झोपमोड झाली का?" तिनं विचारलं.

"नाही गं. कुणाचं लेक्चर आहे?"

"माहिती न्हाई की. आमच्या ताईच्या मैत्रिणीनं धाडलंय. मागच्या बाकावरून कुणी तरी घेतल्यालं हाय, तोंड दिसत न्हाई. पण लई भारी शिकवतेत. आमच्या क्लासमधी तर ह्या न्हाईत. कुठं असतेत की."

"आता नाहीत शिकवत त्या."

"कामून? काय झालतं त्यांना?"

"काही झालं नव्हतं," मी म्हटलं.

तिला ऐकू आलं नाही. फोनमधल्या आवाजाखाली माझा आवाज पोचलाच नाही. तिनं बादली खाली ठेवली, लेक्चर थांबवलं आणि माझ्याजवळ वाकून विचारलं, "काय म्हणालाव, काकू?"

"काही झालं नव्हतं त्यांना."